एक कमी सांगायचं

पारूबाई ढेबे हिने उभ्या जन्मात कुणाला खरा आकडा सांगितला नव्हता. गोठ्यात म्हशी सात असल्या तर ती सहा म्हणायची. पाहुणे पाच येणार असले तर शेजारणीला चार सांगायची आणि भाकऱ्या मात्र पाचजणांच्या थापायची. यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. उंबरदांडावर सगळेच असं करत. भोर आणि वेल्ह्याच्या शिवेवर, झाडीच्या वर आणि कड्याच्या खाली धनगरांची नऊ घरं होती, आणि नऊही घरांत लेकराला बोलता येऊ लागलं की पहिली शिकवण हीच: भरलं घर पुरं सांगू नये, एक कमी सांगायचं. पुरा आकडा तोंडातून गेला की समोरचा ऐकतोच, पण त्याच्याबरोबर आणखी कोण कान देऊन बसलं असेल याचा भरवसा नाही.

तिन्हीसांजेला गुरं परतली की तीही कुणी मोजत नसे. गोठ्याच्या तोंडाशी उभं राहून नावं घ्यायची. मोरी, चांदी, बांडी, कपिली. जिचं नाव घेतलं ती आत जायची, आणि नाव घेऊन कुणी हललं नाही की समजायचं, एक रानात राहिली. बोटं मोजायची गरजच पडत नसे.

पारूबाईने हा नेम एकदाच मोडला होता. तेव्हा ती पंचविशीत होती, नवरा जिवंत होता. लस टोचायला खालून एक बाई आली होती. तिने विचारलं, "पोरं किती गं तुला?" दारात तिन्ही पोरं खेळत होती. मोठी रत्ना, मग सिद्धनाथ आणि पाळण्यातून नुकताच उतरलेला पप्पू. पारूबाईला काय झालं कोण जाणे. अंगात ताठा आला असेल. ती हसून म्हणाली, "तीन."

आठव्या दिवशी रत्नाला करवंदीच्या जाळीत फुरसं चावलं. सहा वर्षांची पोर. घोंगडीची झोळी बांबूला बांधून चौघांनी ती उचलली आणि अडीच तासांची उतरण पळत पळत दोन तासांत उतरून कुरणवडी गाठली. एसटी तिथवरच यायची. आली होती आणि गेलीही होती. दुसरी संध्याकाळी. रत्ना एसटीच्या थांब्यावरच्या दगडी कट्ट्यावरच गेली.

लोक म्हणाले, रस्ता असता तर पोर वाचली असती. पारूबाईच्या डोक्यात रस्ता नावाची वस्तूच नव्हती. तिच्या डोक्यात एकच शब्द राहिला, तीन.

त्याला तीस वर्षं झाली. नवरा गेला. पप्पू पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर रखवालदार झाला. सिद्धनाथ म्हशींपाशी राहिला आणि त्याला भोंगवलीकडची दिपाली मिळाली. बारावी झालेली, सपाटीवरची, दारात गाडी उभी राहते अशा गावची पोर. लग्न करून वर आली तेव्हा शेवटच्या चढावर ती मटकन बसली आणि म्हणाली, "आत्या, अजून किती?" पारूबाई म्हणाली, "थोडंच." अजून एक तास होता. तिथेही तिने कमीच सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी दिपाली रडली. दुसऱ्या वर्षी चढ शिकली. तिसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. चौथा महिना उलटल्यावर एका दुपारी ती सासूच्या डोक्यातली जट काढता काढता म्हणाली, "आत्या, मला झोळीतनं न्हाई जायचं बाळंतपणाला." पारूबाईने डोकं सुनेच्या हातातून सोडवून घेतलं. थांब्यावरचा कट्टा अजून तिथेच होता. बाजाराला उतरली की ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची.

त्याच सुमारास, चैत्रात, खालून बातमी आली. डोंगरातल्या वस्त्यांना रस्ते मिळणार. अट एकच, वस्तीत पन्नास माणूस पाहिजे. कुरणवडीचा सरपंच धनाजी स्वतः वर चढून आला होता. दम खात, पाणी पीत तो म्हणाला, "पन्नास दाखवा, रस्ता मी आणतो. पन्नास भरतात का पण तुमची? का वानरं धरून मोजायची?"

त्याच्याबरोबरची माणसं हसली. उंबरदांडाची माणसंही हसली, कारण तो रस्ता देणार होता.

मोजायला अंगणवाडीच्या प्रेरणा मॅडम आल्या. पुरुष म्हशी घेऊन पाण्यावर गेले होते, म्हणून वस्तीतली जाणती बाई म्हणून पारूबाई त्यांना घरोघर घेऊन फिरली. प्रेरणा मॅडम दारात उभ्या राहून विचारत, "घरात किती माणसं?" घरची बाई आधी पारूबाईच्या तोंडाकडे बघे. पारूबाई डोळे किंचित मिटे. बाई आकडा सांगे. प्रेरणा मॅडम लिहून घेत आणि पुढच्या दारात जात.

स्वतःच्या दारात पारूबाई म्हणाली, "तिघं. मी, सिद्धनाथ आन पुन्याचा पप्पू."

आत गोठ्याच्या कुडामागे दिपाली शेण भरत होती. ती तशीच हात घेऊन बाहेर यायला निघाली. पारूबाईने दारातला पाय तसूभर हलवला नाही. प्रेरणा मॅडम गेल्यावर दिपाली म्हणाली, "आत्या, मी मानूस न्हाई का?"

"तू दोन जीवांची हायीस. तुला कशाला मोजू देईन मी?"

"आन बाकीच्या घरात? सगळ्यांनी एक कमी सांगितलं?"

"सांगायचंच असतं."

दिपालीने तिथेच हात धुतले, भिंतीला टेकून बसली आणि मनात हिशेब केला. मग ती म्हणाली, "आत्या, आपण त्रेपन्न हाय. नऊ घरं. नऊ गेले. चव्वेचाळीस लिहून नेले मॅडमनी. रस्ता गेला आपला."

पारूबाईला वजाबाकी समजली नाही, पण सुनेचा चेहरा समजला.

यादी लागली तेव्हा उंबरदांड त्यात नव्हतं. पलीकडच्या टेकाडावर मात्र रस्ता मंजूर होता. तिथे पुण्याच्या लोकांच्या बंगल्यांची चौदा कुलपं आणि दोन रखवालदार राहत होते. बंगलेवाल्यांनी आधार कार्डावरचे पत्ते तिथले करून घेतले होते. रखवालदारांच्या शेळ्या धरल्या तरी पन्नास झाले नसते, पण कागदावर ते झाले होते.

उंबरदांडात मग लोकांनी पारूबाईला धरलं. जिने स्वतः दारात उभं राहून एक कमी सांगितलं होतं ती साळूबाई सगळ्यांत पुढे होती. साळूबाईचा नवरा कोंडिबा कमरेतून मोडलेला, दोन वर्षं खाटेवर होता.

"तू डोळा मिटलास म्हनून म्या सांगितलं," साळूबाई म्हणाली. "न्हाईतर मला काय कळत न्हाई व्हय? नऊ मानसं खाल्लीस तू, पारू. नऊ."

पाणवठ्यावर पारूबाईची घागर भरेपर्यंत इतर बाया थांबत नसत. कुणी भांडत नव्हतं, फक्त तिच्याकडे बघत नव्हतं. नऊच घरं असतात तिथे हे सोसणं कठीण असतं.

वाट दिपालीने काढली. तिने वही घेतली आणि सासूला म्हणाली, "आत्या, मोजू नका. म्हशींची घेता तशी नुसती नावं घ्या."

पारूबाईने डोळे मिटून वरच्या घरापासून नावं घेतली. कोंडिबा, साळूबाई, त्यांचा ज्ञानू, ज्ञानूची बायको सुलक्षणा, तिची चार. असं करत खालच्या घरापर्यंत आली. आपल्या घराशी येऊन ती थांबली. दिपालीने वाट बघितली. मग म्हातारी हळूच म्हणाली, "दिपाली." नावांच्या बाजूला दिपालीने आकडे घातले होते. शेवटचा आकडा त्रेपन्न होता. तो तिने मोठ्याने वाचला नाही.

वही घेऊन सिद्धनाथ खाली गेला. धनाजीने ती चाळली आणि परत दिली.

"चव्वेचाळीसची त्रेपन्न झाली? महिन्याभरात नऊ व्याली का रे तुमच्यातली?"

"सरपंच, मानसं खरी हायती. या वर, दावतो."

"वर कोण येतंय? साहेबाची कंबर मोडायचीय का? असं कर. येत्या सोमवारी बांधकामाचे साहेब शाळेत येणार हायेत. दहा वाजता सगळी जितराबं खाली आण. उभी कर. मोजतील."

"पुन्याची तिघं येतील का न्हाई सांगता येत न्हाई. मोबाईलवर..."

"मोबाईलवर मानूस मोजत न्हाईत."

पप्पू धरून वस्तीतली तिघं पुण्यात कामाला होती, त्यांना सुट्टी मिळाली नाही. राहिले पन्नास. कोंडिबा धरून, तान्ही पोरं धरून आणि दिपाली धरून बरोबर पन्नास. तिला सातवा सरत आला होता.

रविवारी संध्याकाळी सिद्धनाथ म्हणाला, "आये, हिला ठेवू वर. जाऊ दे रस्ता."

पारूबाईलाही तेच म्हणायचं होतं. पण दारात साळूबाई उभी होती. ती मोठ्याने म्हणाली, "माझा म्हातारा झोळीतनं येतोय मोजायला. त्याची कंबर मोडलीय, त्याला चालतंय. तुमची सून काय काचेची हाय?"

आणि दिपाली स्वतः म्हणाली, "मी येते. मलाच पायजे रस्ता. उतारच तर हाय."

सोमवारी दिवस उगवताना उंबरदांड रिकामं झालं. दारं नुसती ओढून घेतली होती, गोठ्यात म्हशी हंबरत होत्या. पुढे बांबूच्या झोळीत कोंडिबा, मागे पोरं, त्यांच्या मागे बाया. झोळीतून कोंडिबा शिव्या घालत होता. "हळू रं, मेल्यांनो! मोजायच्या आधी मारता का? मग येक कमी व्हईल." सगळे हसले. पारूबाई हसली नाही. ती दिपालीच्या मागे तिच्या टाचांकडे बघत चालली होती. पाऊल कुठे पडतं, कुठे घसरतं. दोनदा दिपाली थांबली आणि कमरेला हात लावून उभी राहिली. "दुखतंय का?" "न्हाई." सुनेनेही त्या घरात राहून कमी सांगायचं शिकून घेतलं होतं.

दहाला ते शाळेच्या पटांगणात पोचले. साहेब नव्हते. अकरा वाजले. उन्हं चढली. गावातली पोरं कुंपणावर बसून ओरडत होती, "धनगरांचा बाजार आला रं, बाजार!" धनाजी येऊन बघून गेला. "साहेब निघालेत. कुनी हलायचं न्हाई हां. एक जरी कमी भरला तर पुन्ना माझ्याकडं यायचं न्हाई."

साडेअकराला दिपालीचं लुगडं मागून ओलं झालं.

तिने सासूचा हात धरला. "आत्या, पानी जातंय."

पारूबाईने तिला शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसवलं आणि तीन बायांनी आडोसा केला. तेवढ्यात बाराची एसटी आली. ती फाटकासमोर वळून उभी राहिली. कंडक्टर पाणी प्यायला शाळेच्या नळावर आला आणि त्याने आडोशामागे बघितलं. चांगला माणूस होता. म्हणाला, "मावशी, ही अडलेली हाय का? घाला गाडीत. भोरला दवाखान्याच्या दारात सोडतो. चला, दोन मिनिटं थांबतो."

सिद्धनाथ धावत आला. "आये, उठव तिला."

पारूबाईने मान वर केली. समोर उंबरदांड उभं होतं. साळूबाई, ज्ञानू, सुलक्षणा, झोळीतला कोंडिबा. महिनाभर जे तिच्याकडे बघत नव्हते ते सगळे एकाच वेळी तिच्याकडे बघत होते. दिपाली गेली की एकोणपन्नास. तिच्याबरोबर कुणी बाई गेली की अठ्ठेचाळीस. नऊ माणसं तिने आधीच खाल्ली होती.

"सायेब येतोच हाय," पारूबाई म्हणाली. "मोजला की लगीच नेऊ. थांब पोरी. जराशीच थांब."

"आये!"

"सातवाच हाय. इतक्यात काय व्हत न्हाई." तिच्या बोलण्यावर तिचाच विश्वास नव्हता. दिपालीचं मनगट तिने इतकं घट्ट धरलं की दोन बांगड्या पिचल्या. दिपालीने डोळे मिटून घेतले. ती "चला" म्हणाली नाही आणि "थांबते" असंही म्हणाली नाही.

एसटीचा भोंगा वाजला. एकदा, मग परत एकदा. कंडक्टर फाटकाशी उभा राहून बघत होता. मग त्याने दार ओढून घेतलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सिद्धनाथ तिच्याकडे बघत राहिला.

साहेब दीड वाजता आले. जेवून आले होते. धनाजीने सगळ्यांना रांगेत बसवलं. साहेब बोट दाखवत एका बाजूने निघाले. कोंडिबाशी थांबून म्हणाले, "हा जिवंत आहे ना?" धनाजी म्हणाला, "हाय, हाय. शिव्या देतोय म्हंजे हाय." पोरं मोजली, तान्ही मोजली. अठ्ठेचाळीसवर पारूबाई झाली. एकोणपन्नासवर सिद्धनाथ. मग भिंतीच्या सावलीतली दिपाली.

"पन्नास," साहेब म्हणाले.

"तिच्यात दोन हायती साहेब," धनाजी म्हणाला. "दोन धरा. एक्कावन्न करा, म्हंजे परत भांडायला नको."

साहेबही हसले. "बरं, एक्कावन्न."

पारूबाईने दिपालीच्या पोटावर पदर ओढला. पोटातलं मूलही मोजलं गेलं होतं, आणि तेही मोठ्याने, भर पटांगणात, नावाशिवाय.

त्यानंतर दुधाचा टेम्पो मिळायला तीन वाजले. किटल्या उतरवून आत घोंगडी टाकली. भाटघरच्या पाण्याकडेने रस्ता वळणावळणाने जातो. एका वळणावर दिपाली एकदाच ओरडली आणि पारूबाईने मूल हातात घेतलं. मुलगी होती. तळहाताएवढी, अंगावर लव, केस मात्र दाट. ती दोनदा आखडली आणि एकदा बारीक आवाज केला. पारूबाईने तिला चोळीत घातलं, कातड्याला कातडं लावून धरलं, तोंडाने वारा घातला. धरणाचं पाणी सारखं डाव्या हाताला दिसत होतं. ते दिसेनासं होण्याआधीच चोळीत हालचाल थांबली. ते तिने कुणाला सांगितलं नाही. भोर येईपर्यंत तिने पोर तशीच धरून ठेवली. टेम्पोवाला पुढून विचारत होता, "बरं हाय ना मावशी, दोघींचं?" आणि ती म्हणत होती, "हाय. हाक तू."

दिपाली वाचली. आठ दिवसांनी दवाखान्यातून ती परस्पर भोंगवलीला गेली. जाताना सासूशी तिने वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "आत्या, तुमच्या हाताची खूण अजून गेली न्हाई." आणि मनगट दाखवलं. महिन्याभराने सिद्धनाथ म्हशी विकून तिच्याकडे गेला. सारोळ्याला हायवेवरच्या एका ढाब्यावर त्याला काम लागलं.

उंबरदांडाला रस्ता मंजूर झाला. पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी डोंगर खरवडत वर आला. जिथे दिपाली दोनदा कमरेला हात लावून उभी राहिली होती तिथे आता दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील एवढी जागा झाली. मुरूम पडला, रोलर फिरला. धनाजीने नारळ फोडला आणि भाषणात म्हणाला, "ह्या रस्त्यासाठी म्या काय काय केलं ते पारूमावशीला ठाव हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळूबाईने पारूबाईला पेढा दिला. पारूबाईने तो पदराला बांधला आणि वाटेत कुत्र्याला घातला.

त्या रस्त्याने वर आलेला पहिला टेम्पो रिकामा आला आणि भरून गेला. सिद्धनाथने दिपालीची पेटी, गादी आणि भांडी न्यायला तो धाडला होता. दुसरा ज्ञानूने बोलावला. गाडी दारात येते म्हटल्यावर घर उचलणं सोपं झालं होतं, डोक्यावरून काही न्यायचं नव्हतं. कोंडिबाला टेम्पोत घालताना तो म्हणाला, "आता काय, बसल्या बसल्या मरायला जातोय." वर्षभरात नऊ घरांतल्या पाच घरांना कुलपं लागली.

"आये, तू बी चल," सिद्धनाथ फोनवर म्हणायचा. मागून दिपालीचा आवाज कधी यायचा नाही. पारूबाई म्हणायची, "म्हशीला कोन बघंल?" म्हैस एकच उरली होती, चांदी. रोज तिन्हीसांजेला पारूबाई गोठ्याच्या तोंडाशी उभी राहून नावं घ्यायची. मोरी, चांदी, बांडी, कपिली. मग दिपाली. मग रत्ना. आणि शेवटी थोडी थांबायची, कारण धाकटीला नावच ठेवलेलं नव्हतं.

गेल्या मार्गशीर्षात प्रेरणा मॅडम स्कूटीवरून वर आल्या. गाडी थेट दारात लावली. म्हणाल्या, "बघा मावशी, आता दहा मिनिटांत येते मी. चढ असा वाटतच नाही." त्यांच्या हातात परत एक कागद होता. "आता एसटी वरपर्यंत आणायचीय. खात्याने विचारलंय, वस्तीत माणसं किती. ह्यावेळी मात्र खरं सांगायचं हं मावशी. मागच्या वेळी काय गोंधळ झाला होता, आठवतंय ना?"

"आठवतंय," पारूबाई म्हणाली.

मॅडमनी कागदावर उंबरदांड लिहिलं, घर क्रमांक लिहिला, ढेबे लिहिलं.

"हां, सांगा. ह्या घरात किती माणसं?"

पारूबाई उंबऱ्यात उभी होती. मागे चूल पेटलेली, तव्यावर एक भाकरी. तिने अंगणाकडे बघितलं, कुलूप घातलेल्या घरांकडे बघितलं, आणि नव्या रस्त्याकडे, जो थेट तिच्या दारात येऊन थांबत होता.

"कुनी न्हाई," ती म्हणाली.